व्यक्ती की नमुना? : श्रमिकांच्या व्यक्तिचित्रणातील प्रतिष्ठेचा प्रश्न

प्रस्तावना :

व्यक्तिचित्र हा चित्रप्रकार मुळात सत्ता आणि संपत्ती यांच्या आश्रयाने वाढला. आपले चित्र काढून घेणारा मनुष्य चित्रकारास मोबदला देत असे आणि आपण कसे दिसावे हे बऱ्याच अंशी तोच ठरवीत असे. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकास राजे, सरदार, धर्मगुरू व व्यापारी यांचे चेहरे विपुल प्रमाणात उपलब्ध होतात. परंतु त्यांच्या घरी पाणी भरणारा, त्यांची शेते कसणारा किंवा त्यांच्या रस्त्यांसाठी खडी फोडणारा मनुष्य कसा दिसत होता, हे सांगणारी साधने अत्यल्प आहेत. युरोपीय चित्रकलेत सतराव्या शतकापासून अशा श्रमिकांची गंभीर वृत्तीने काढलेली चित्रे आढळू लागतात. तत्पूर्वी गरीब मनुष्य चित्रात येई तो बहुधा विनोदाचा विषय म्हणून, दानधर्माचे निमित्त म्हणून अथवा गर्दीचा भाग म्हणून.

या चित्रांविषयी लिहिताना ‘चित्रकाराने गरिबांना प्रतिष्ठा मिळवून दिली’ असे विधान सहजपणे केले जाते. तथापि, ही प्रतिष्ठा चित्रात नेमकी कशामुळे निर्माण होते आणि चित्रासाठी बसलेल्या माणसाच्या वाट्याला तिच्यातील किती येते, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. प्रस्तुत निबंधात काही निवडक चित्रांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. त्यासाठी चार कसोट्या वापरल्या आहेत : चित्राचे आकारमान, चेहऱ्याची दृश्यता, नावाची नोंद आणि चित्रकार व बसणारा यांच्यातील व्यवहार. चित्रकाराची सहानुभूती ही प्रतिष्ठेची हमी होऊ शकत नाही. चित्रातील मनुष्य ‘व्यक्ती’ म्हणून उरतो की एखाद्या वर्गाचा ‘नमुना’ बनतो, यावर ती अवलंबून असते, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

व्हेलास्केझ : चित्रातील प्रतिष्ठा आणि प्रत्यक्षातील दास्य

स्पॅनिश चित्रकार दिएगो व्हेलास्केझ (१५९९–१६६०) याने इ. स. १६२० च्या सुमारास, वयाच्या विशीत, ‘सेव्हिलचा पाणक्या’ हे चित्र काढले. ते आज लंडनमधील अॅप्सली हाउस येथे आहे. फाटका तपकिरी अंगरखा घातलेला एक वृद्ध पाणी विकणारा एका मुलाच्या हाती पाण्याचा पेला देत आहे, एवढाच त्याचा विषय. समोर मातीचा मोठा रांजण असून त्याच्या पृष्ठभागावरून ओघळणारे थेंबही चित्रकाराने बारकाईने रंगविले आहेत. वृद्धाच्या मुद्रेवर याचना नाही की ओशाळेपण नाही. पाणी देण्याच्या साध्या कृतीस येथे एखाद्या धार्मिक विधीचे गांभीर्य प्राप्त झाले आहे. हे चित्र पाहणारा गरिबीकडे कीव म्हणून पाहू शकत नाही. मात्र शीर्षकात उरला आहे तो त्याचा धंदा आणि त्याचे शहर. त्याचे नाव नाही.

याच चित्रकाराने १६५० मध्ये रोम येथे काढलेले हुआन दे पारेहा याचे व्यक्तिचित्र या संदर्भात अधिक बोलके आहे. पारेहा हा व्हेलास्केझच्या चित्रशाळेत काम करणारा त्याचा गुलाम होता. चित्रात तो सरदारांच्या चित्रांत आढळणाऱ्या ढंगाने, अंग किंचित वळवून, हात छातीपाशी आणून, पाहणाऱ्याकडे थेट रोखून पाहत आहे. मार्च १६५० मध्ये हे चित्र रोममधील पँथिऑन येथे प्रदर्शित झाले आणि तेथील कलावंतांनी त्याची मोठी वाखाणणी केली. याच मुक्कामात व्हेलास्केझने दहावा इनोसंट या पोपचेही व्यक्तिचित्र काढले. एकाच हाताने, एकाच शहरात आणि एकाच वर्षी पोप व गुलाम यांच्याकडे सारख्याच एकाग्रतेने पाहिले जावे, ही बाब व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात लक्षणीय होय.

तथापि, हे चित्र लोकांसमोर मांडले गेले तेव्हा पारेहा गुलामच होता. त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज २३ नोव्हेंबर १६५० रोजी झाला आणि त्यातही चार वर्षांनंतर व पलायन अथवा गुन्हा न केल्यास मुक्ती अमलात येईल, अशी अट होती. पुढे पारेहा स्वतंत्र चित्रकार म्हणून काम करू लागला. १६६१ मधील त्याचे ‘संत मॅथ्यूला पाचारण’ हे मोठे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असून त्यात डाव्या कडेला त्याने स्वतःलाही चितारले आहे. त्याच्या हातातील कागदावर त्याची स्वाक्षरी आहे. मालकाने काढलेल्या चित्रात त्याला प्रतिष्ठित मुद्रा मिळाली होती. स्वतःच्या चित्रात त्याने आपले नाव स्वतः लिहिले. या दोन गोष्टींतील अंतर हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

नोकरांची व्यक्तिचित्रे : होगार्थ आणि एर्डिग

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने आपल्या घरातील सहा नोकरांचे मस्तकचित्रण एकाच कॅनव्हासवर केले. १७५० ते १७५५ या काळातील हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. तीन स्त्रिया व तीन पुरुष असे सहा चेहरे एकमेकांलगत आहेत. कोणाच्याही हाती झाडू, तबक वा कामाची अन्य खूण नाही. नोकर हे कामावरून ओळखले जातात, हा संकेत होगार्थने बाजूला सारला आणि सहा भिन्न स्वभावाची माणसे दाखविली. हे चित्र कोणी सांगून काढून घेतलेले नव्हते. पण सहाही चेहरे इतके स्पष्ट असूनही कॅनव्हासवर एकाचेही नाव नाही. शीर्षकात नाव आहे ते मालकाचे.

याउलट वेल्समधील रेक्सॅमजवळच्या एर्डिग या हवेलीत नावांची नोंद काळजीपूर्वक झालेली आढळते. हवेलीचा मालक फिलिप यॉर्क याने १७९० च्या दशकात डेन्बी येथील जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून आपल्या नोकरांची व्यक्तिचित्रे काढून घेतली आणि त्यांच्या चरित्रावर स्वतः रचलेल्या पद्यपंक्ती चित्रांवर लिहविल्या. त्यात सुतार, शिकारीच्या रानाचा राखणदार अशी माणसे आहेत. घरकाम करणारी जेन एब्रेल हिचे चित्र १७९३ मध्ये काढले गेले. त्या वेळी ती ८७ वर्षांची होती. पुढील पिढ्यांतील मालकांनी हीच प्रथा छायाचित्रांच्या रूपाने चालू ठेवली. १९७३ मध्ये हवेली नॅशनल ट्रस्टकडे आली आणि आज पाहणारा तेथील नोकरांना नावानिशी ओळखू शकतो.

ऐतिहासिक साधन म्हणून ही मालिका अमोल आहे. परंतु येथे चित्राचा विषय कोण होणार, हे मालक ठरवितो आणि त्याचे चरित्रही मालकच लिहितो. अशा चित्रांत ‘एकनिष्ठ सेवक’ हा गुण ठळक होतो. वेतन, कामाचे तास, म्हातारपणाची तरतूद या बाबी चौकटीबाहेर राहतात. व्यक्तीला नाव मिळाले तरी तिच्या स्थितीविषयीचा प्रश्न उपस्थित होत नाही. होगार्थकडे चेहरा आहे पण नाव नाही. एर्डिग येथे चेहरा व नाव दोन्ही आहेत, पण शब्द मालकाचे आहेत.

कुर्बे आणि मिले : आकार मिळाला, चेहरा झाकला

१८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये हा प्रश्न राजकीय झाला. गुस्ताव्ह कुर्बे (१८१९–१८७७) याने १८४९ मध्ये ‘दगडफोडे’ हे चित्र रंगविले. आपल्या ऑर्नां या गावाजवळ रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे दोघे त्याला दिसले. त्याने त्यांना चित्रशाळेत बोलावून घेतले. सुमारे १.६५ मीटर उंच व २.५७ मीटर रुंद असलेले हे चित्र १८५०–५१ च्या पॅरिस सलॉंमध्ये मांडले गेले. एवढे आकारमान त्या काळी पौराणिक किंवा ऐतिहासिक प्रसंगांसाठी राखीव मानले जाई. ठिगळ लावलेली वस्त्रे, फाटके मोजे व लाकडी जोडे यांना ते लाभावे, हेच अनेक समीक्षकांना खटकले. समाजवादी विचारवंत प्रूधाँ याने मात्र या चित्राला धर्मग्रंथातील बोधकथेच्या तोडीचे मानले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. या चित्रातील वृद्धाचा चेहरा टोपीच्या सावलीत आहे, तर तरुणाने पाहणाऱ्याकडे पाठ केली आहे. कुर्बेला एक वृद्ध आणि एक तरुण यांच्या रूपाने आयुष्यभराच्या श्रमाची दोन टोके दाखवावयाची होती. तरुणाचे भविष्य म्हणजेच तो वृद्ध. हा आशय चेहरा झाकल्यामुळेच तीव्र होतो, कारण असे काम माणसाचा चेहरा पुसून टाकते. पण त्याची किंमत अशी की, ही दोन माणसे व्यक्ती म्हणून आपल्यासमोर येतच नाहीत. मूळ चित्र १९४५ मध्ये ड्रेस्डेननजीक बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. आता केवळ छायाचित्रे आणि प्रतिकृती यांवरूनच त्याचा अभ्यास करता येतो.

त्याच सलॉंमधील कुर्बेच्या ‘ऑर्नां येथील अंत्यविधी’ या सुमारे ६.६ मीटर रुंद चित्राशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. त्यासाठी त्याने गावातील रहिवाशांना एकेक करून बसविले होते. त्यात कबर खोदणारा गुडघा टेकून बसला आहे आणि त्याचा चेहरा धर्मोपदेशक व नगराध्यक्ष यांच्या चेहऱ्यांइतकाच निश्चित आहे. तेथे श्रमिकास आकारही आहे आणि चेहराही.

झां-फ्रान्स्वा मिले (१८१४–१८७५) हा नॉर्मंडीतील शेतकरी कुटुंबात जन्मला होता. १८५७ मधील ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’ या त्याच्या चित्रात कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणाऱ्या तीन स्त्रिया आहेत. पाठीमागे दूरवर धान्याच्या गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा मनुष्य दिसतो. कोणाच्या वाट्याला काय आले, हे चित्राच्या रचनेतूनच कळते. मिलेने या स्त्रियांना पुतळ्यांसारखे भारदस्त रूप दिले, परंतु त्यांचेही चेहरे वाकलेले व अस्पष्ट आहेत. मिले व कुर्बे यांच्या या चित्रांत वर्गाची स्थिती दिसते, व्यक्ती दिसत नाही. एर्डिगच्या चित्रांत व्यक्ती दिसते, वर्गाची स्थिती दिसत नाही. श्रमिकांच्या चित्रणातील ही मूलभूत कोंडी होय.

व्हॅन गॉग : नूनेन ते आर्ल

या कोंडीतून मार्ग काढण्याचा एक दीर्घ प्रयत्न व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) याच्या कार्यात दिसतो. मिलेला तो आपला मार्गदर्शक मानत असे. डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ या काळात तो नेदरलँड्समधील नूनेन या गावी होता. १८८४–८५ च्या हिवाळ्यात त्याने तेथील शेतकरी व विणकर यांच्या मस्तकांचे अनेक अभ्यास केले. त्याला नाजूक, देखणे चेहरे नको होते. राकट, रुंद जबड्याचे, ज्याला तो अस्सल शेतकरी चेहरा म्हणत असे, असे चेहरे तो शोधत होता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर त्या वेळी तो ‘नमुना’च शोधत होता.

या अभ्यासातून एप्रिल–मे १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारे’ हे चित्र सिद्ध झाले. दिव्याच्या मंद उजेडात पाच जणांचे कुटुंब एका ताटातून बटाटे खात आहे. ज्या हातांनी यांनी जमीन खणली तेच हात ताटात आहेत, म्हणजे हे अन्न त्यांनी प्रामाणिकपणे मिळविले आहे, हे चित्रातून कळावे अशी त्याची इच्छा होती, असे त्याच्या पत्रावरून दिसते. त्याचा चित्रकार मित्र रापार्ड याने या विषयाच्या शिलामुद्रित चित्रावर शरीररचनेतील चुकांबद्दल कठोर टीका केली आणि दोघांच्या मैत्रीत वितुष्ट आले. रापार्डने दाखविलेल्या काही चुका खऱ्याही होत्या. पण प्रतिष्ठेच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. हे चेहरे हेतुपुरस्सर ओबडधोबड करण्यात त्या कुटुंबास काय वाटले असेल, याची नोंद कोणीही ठेवली नाही.

चित्रासाठी बसलेल्यांपैकी गोर्डिना दे ग्रोट हिचे नाव मात्र इतिहासात उरले. १८८५ च्या उत्तरार्धात ती गरोदर असल्याचे उघड झाले आणि गावात संशय चित्रकारावर आला. त्याने तो नाकारला. तेथील कॅथलिक धर्मगुरूने आपल्या अनुयायांना त्याच्यासमोर बसण्यास मनाई केली, असे त्याने आपला भाऊ थिओ यास कळविले. चित्रकार गाव सोडून जाऊ शकत होता आणि काही महिन्यांत तो गेलाही. बदनामी सहन करीत तेथेच राहावे लागले ते गोर्डिनाला. श्रमिकाचे चित्र काढणे ही क्रिया श्रमिकाच्या जीवनात कोणते परिणाम घडवू शकते, याचे हे उदाहरण कलेतिहासात सहसा तळटीप म्हणूनच येते.

आर्ल येथे १८८८–८९ मध्ये परिस्थिती बदलली. तेथील रेल्वे स्थानकावर टपालाचे काम पाहणारा जोसेफ रूलँ याच्याशी व्हॅन गॉगची मैत्री झाली. जोसेफ, त्याची पत्नी ऑगस्टीन, आर्मां व कामिय हे मुलगे आणि तान्ही मार्सेल या सर्वांची मिळून वीसहून अधिक चित्रे त्याने काढली. रूलँने बसण्याचा मोबदला घेतला नाही. दोघे एकत्र खात-पीत. डिसेंबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापून घेतला, त्यानंतर रुग्णालयात त्याची विचारपूस करणाऱ्यांत रूलँ होता. या चित्रांपैकी काही त्या कुटुंबाकडे गेली. पुढे त्यांनी ती पॅरिसमधील व्होलार या चित्रव्यापाऱ्यास विकली. निळ्या गणवेशात, टोपीवर टपालखात्याची अक्षरे घेऊन बसलेला रूलँ आपल्या कामासह आणि आपल्या नावासह उभा राहतो. नोकरी झाकली जात नाही आणि मनुष्यही झाकला जात नाही. नूनेनमध्ये पैसे देऊन बसविलेले ‘शेतकरी चेहरे’ आणि आर्लमधील मित्राचे कुटुंब यांतील हा फरक रंगांचा जेवढा आहे, तेवढाच व्यवहाराचाही आहे.

भारतातील संदर्भ

याच प्रश्नाची दुसरी बाजू वसाहतकालीन भारतात दिसते. दिल्लीत विल्यम व जेम्स फ्रेझर या बंधूंनी १८१५ ते १८१९ या काळात स्थानिक चित्रकारांकडून सैनिक, गावकरी, कलावंतिणी इत्यादींची चित्रे काढून घेतली. या संग्रहातील अनेक पृष्ठांवर त्या त्या माणसाचे नाव व गाव लिहिलेले आहे आणि प्रत्येक चेहरा वेगळा आहे. तथापि, ‘फ्रेझर आल्बम’ हा अपवादच ठरला. पुढील काळात शासनाची दृष्टी वर्गीकरणाकडे वळली. १८६८ ते १८७५ दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्र एका माणसाचे आणि मजकूर मात्र एका जातीचा किंवा जमातीचा, अशी रचना आहे; काही मजकुरांत त्या समूहाच्या विश्वासार्हतेविषयीचे शेरेही आहेत.

मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६० च्या दशकात शहरातील विविध समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसांची छायाचित्रे वेगळ्या ठिकाणी घेऊन ती निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आढळतात. मनुष्यास त्याच्या नावापासून व प्रत्यक्ष जागेपासूनही वेगळे केले की शुद्ध ‘नमुना’ तयार होतो, याचे हे तांत्रिक रूप म्हणता येईल. ही चौकट इतकी रुजली की, कोल्हापूरचे आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यासारख्या समर्थ चित्रकारालाही तिच्यातच काम करावे लागले. एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), ऑटो रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही पुस्तके आणि चित्रमय पोस्टकार्डे यांसाठी त्यांनी काढलेल्या माणसांत निरीक्षणाचा जिवंतपणा आहे; परंतु खालची ओळ जात, प्रांत किंवा धंदा एवढेच सांगते. आपल्याकडील कलाशिक्षणात पुढे रूढ झालेल्या ‘वृद्ध’, ‘कोळीण’, ‘हमाल’ अशा शीर्षकांमागे ही परंपरा आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, चारही कसोट्या एकाच चित्रात पूर्ण होणे दुर्मीळ आहे. पाणक्याला गांभीर्य मिळाले, नाव मिळाले नाही. पारेहाला नाव व नजर मिळाली, स्वातंत्र्य उशिरा मिळाले. दगडफोड्यांना भव्य आकार मिळाला, चेहरा मिळाला नाही. एर्डिगच्या नोकरांना नाव मिळाले, स्वतःचा शब्द मिळाला नाही. दुसरा निष्कर्ष असा की, नमुना आणि व्यक्ती यांपैकी एकाचीच निवड पुरेशी नाही. केवळ व्यक्ती दाखविल्यास तिच्यावरील अन्याय खाजगी बाब ठरतो. केवळ वर्ग दाखविल्यास माणूस एखाद्या सिद्धांताचे उदाहरण बनतो. रूलँच्या चित्रांचे महत्त्व त्या दोहोंना एकत्र ठेवण्यात आहे. तिसरे म्हणजे, चित्राचा अर्थ लावताना चौकटीबाहेरचा व्यवहार, म्हणजे मोबदला, संमती आणि चित्रानंतर त्या माणसाचे काय झाले, हाही पुराव्याचाच भाग मानला पाहिजे.

इतिहासाच्या अध्यापनात या विचाराचा उपयोग दूर जाऊन शोधावा लागत नाही. महाविद्यालयाच्या दप्तरातील जुनी समूहछायाचित्रे पाहिली तर खुर्च्यांवर बसलेल्या संचालकांची व प्राध्यापकांची नावे डावीकडून उजवीकडे अनुक्रमे लिहिलेली आढळतात; मागे उभे असलेले शिपाई, हमाल व सफाई कामगार यांच्या रांगेखाली अनेकदा केवळ ‘सेवकवर्ग’ एवढाच शब्द असतो. त्यांना ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांची नावे विचारून छायाचित्राच्या पाठीमागे लिहून ठेवणे, हे विद्यार्थ्यांकडून करवून घेता येण्यासारखे काम आहे. सेव्हिलच्या पाणक्याच्या बाबतीत ती संधी चारशे वर्षांपूर्वीच निघून गेली.